फिगर स्केटिंगमध्ये कलेचे गुण कसे द्यायचे

उडीचे गुण तपासणं थोड्या सरावाने जमतं: गिरक्या किती झाल्या, उडी कोणत्या कडेवरून घेतली, उतरताना पाय टेकला का. गोंधळ होतो तो कलेच्या गुणांत. तिथेही मन मानेल तसा आकडा टाकायचा नसतो. प्रत्येक आकड्यामागे बर्फावर दिसलेली ठोस गोष्ट हवी.

2022-23 च्या मोसमापासून या गुणांचे घटक तीनच आहेत: कंपोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स. त्याआधी ते पाच होते. प्रत्येक घटकाला 0.25 ते 10 पर्यंत, पाव-पाव गुणाच्या टप्प्याने गुण मिळतात. 5 म्हणजे सरासरी. हे सतत लक्षात ठेवावं लागतं, कारण नवखा माणूस 7 च्या खाली उतरायलाच कचरतो.

परीक्षकाला प्रोग्रॅम एकदाच दिसतो आणि तो संपल्यावर लगेच तिन्ही गुण द्यावे लागतात. सरावासाठी मात्र तोच प्रोग्रॅम तीनदा बघा.

पहिल्यांदा आवाज बंद ठेवा आणि फक्त स्केटिंग स्किल्स बघा. गुडघ्याखालीच नजर ठेवा. पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. वळताना शरीर वर्तुळाच्या आत स्पष्ट झुकलं, तर कड खोल आहे. सरळ उभं राहून वळण घेतलं, तर पातं सपाट पडलंय. रॉकर, काउंटर, ब्रॅकेट, चॉक्टॉ ही वळणं दोन्ही पायांवर आणि दोन्ही दिशांनी येतात का, की सगळं एकाच आवडत्या पायावर चाललंय? वेग किती आहे यापेक्षा तो कसा आला हे महत्त्वाचं. दोन-तीन रेट्यांत रिंक पार करणारा आणि आठ क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत घेतलेली पावलं) मारून तोच वेग गाठणारा सारखे नाहीत. टीव्हीवर कॅमेरा सोबत पळत असल्याने वेग फसवतो, म्हणून मागे दिसणाऱ्या रिंकच्या कठड्याच्या फळ्या किती झपाट्याने सरकतात ते पाहा. रिंकवर बसला असाल तर कानही वापरा. चांगलं घसरणं जवळजवळ निःशब्द असतं. सतत खरवडल्याचा आवाज म्हणजे पात्याचे दात किंवा सपाट पातं बर्फाला लागतंय.

दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घ्या. 60 बाय 30 मीटरच्या रिंकचा आयत काढून त्यावर स्केटरचा मार्ग आखा. सगळ्या उड्या दोन ठरावीक कोपऱ्यांत आल्या आणि मधला बर्फ कोराच राहिला, तर कंपोझिशन कमकुवत आहे. उडीआधी काय होतं तेही टिपा. लांबच लांब मागे घसरत केलेली तयारी वेगळी आणि पावलांतून थेट उमललेली उडी वेगळी. संगीताचं वाक्य संपतं तिथे हालचालीचं वाक्यही संपतं का, हेही इथेच बघायचं.

तिसऱ्यांदा आवाज लावून प्रेझेंटेशन. नुसते हात हलताहेत की पाठ, खांदे, मानही त्यात आहेत? जोर आणि हळुवारपणा यांत फरक दिसतो का? ठोक्यावर पाऊल पडणं ही किमान अपेक्षा. सुरावटीतले चढउतार अंगात उतरायला हवेत. चार मिनिटांच्या फ्री स्केटमध्ये (स्पर्धेतल्या दोन प्रोग्रॅमपैकी लांबचा) शेवटचं मिनिट खरं बोलतं, कारण दम संपला की आधी हातांची रचना गळते.

या दोन घटकांची गल्लत फार होते. कंपोझिशन म्हणजे काय रचलंय, प्रेझेंटेशन म्हणजे आज ते कसं सादर झालं. त्यामुळे तोच प्रोग्रॅम दोन स्पर्धांत झाला, तर कंपोझिशनचा गुण फारसा हलू नये. प्रेझेंटेशनचा खुशाल हलावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चौपट (चार गिरक्यांची) उडी जमली म्हणून तिन्ही घटक वर नेणं. उडीचे गुण उडीला मिळालेलेच असतात. दुसरी चूक तिन्ही घटकांना एकच आकडा देणं: 8.50, 8.50, 8.50. पावलं उत्तम आणि रचना पोकळ असे स्केटर भरपूर असतात. तिथे एका गुणाचं अंतरही योग्यच. नाव मोठं किंवा क्रम शेवटच्या गटात, म्हणून गुण वाढवणं तर सरळ अन्यायच. पडल्याची वजावट वेगळी होते, तरी पडणं किंवा गंभीर चूक असेल तर दहा गुण देता येत नाहीत.

आता हिशेब. नऊ परीक्षकांनी कंपोझिशनला 8.25, 8.50, 8.00, 8.50, 8.75, 8.25, 7.75, 8.50, 8.25 दिले असं धरा. सर्वांत मोठा 8.75 आणि सर्वांत लहान 7.75 वगळा. उरलेल्या सातांची बेरीज 58.25, सरासरी 8.32. उरलेले दोन घटक 8.18 आणि 8.39 आले तर एकूण 24.89. पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये याला 3.33 ने गुणतात: 82.88. महिलांच्या फ्री स्केटला गुणक 2.67 आहे, शॉर्ट प्रोग्रॅमला पुरुषांसाठी 1.67, महिलांसाठी 1.33. म्हणजे सगळ्या परीक्षकांनी तिन्ही घटकांत फक्त पाव गुण जास्त दिला, तरी पुरुषांच्या फ्री स्केटमध्ये जवळपास अडीच गुणांचा फरक पडतो.

शेवटी स्वतःचे आकडे स्पर्धेच्या अधिकृत गुणपत्रकाशी ताडून बघा. घटकांच्या ओळी तळाशी असतात, प्रत्येक परीक्षकाचा स्तंभ वेगळा. अर्ध्या गुणाच्या आत असाल तर नजर तयार होतेय. एकाच घटकात सारखा एकाच दिशेने फरक येत असेल, तर पुढचे काही प्रोग्रॅम फक्त त्या घटकासाठी बघा.