हेडफोनमध्ये आवाज मागे पडतो? ऑडिओ इंटरफेसची जोडणी निवडताना या चुका टाळा

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत, दहा बाय बाराच्या खोलीत, माझे एक गायक परिचित घरगुती स्टुडिओ चालवतात. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित मागून येतो, ही त्यांची जुनी तक्रार होती. मायक्रोफोन आणि हेडफोन संगणकाशी जोडणाऱ्या पेटीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तिच्या जोडणीचे यूएसबी आणि थंडरबोल्ट हे दोन प्रकार, आणि आवाज पोहोचण्यातला विलंब म्हणजे लेटन्सी. ‘यूएसबीला लेटन्सी असतेच, थंडरबोल्ट घ्या’ असा सल्ला कुणीतरी दिल्यावर त्यांनी चांगला चालणारा यूएसबी इंटरफेस विकला आणि जवळजवळ दुप्पट पैसे घालून थंडरबोल्टचा घेतला. आवाज तरीही मागूनच येत राहिला. मी जाऊन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधले सेटिंग उघडून पाहिले, तेव्हा बफरचा आकडा १०२४ वर होता. मिक्सिंग करताना कधीतरी वाढवलेला तो आकडा पुन्हा खाली आणायचा राहूनच गेला होता. १२८ केल्याबरोबर तक्रार संपली. ‘म्हणजे जुना ठेवला असता तरी चालले असते?’ असे त्यांनी विचारले, आणि ‘हो’ म्हणणे मला जड गेले.

या गोंधळाचे मूळ शोधायचे, तर विलंब नेमका कुठे तयार होतो हे आधी पाहायला हवे. मायक्रोफोनमधून आलेला सिग्नल इंटरफेसमध्ये आकड्यांत, म्हणजे सॅम्पलमध्ये, बदलतो, ते आकडे एका ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याने संगणकाकडे जातात, सॉफ्टवेअर त्यावर प्रक्रिया करते, तसाच गठ्ठा परत येतो आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा सर्व जागा भरल्याशिवाय निघत नाही, तसा बफरही भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेताना, १२८ सॅम्पलचा बफर भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ चा भरायला ५.३, आणि १०२४ चा भरायला २१.३. जाताना एकदा आणि येताना एकदा, असा हा काळ दोनदा मोजावा लागतो. त्यात आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा साधारण एक-दीड मिलिसेकंद आणि ड्रायव्हरने (इंटरफेस व संगणक यांची बोलणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेला थोडा जास्तीचा बफर मिळवला, म्हणजे एकूण फेरी पूर्ण होते. या हिशेबात केबलमधून जाण्याचा वेळ मी धरलेलाच नाही, कारण तो धरण्याइतका नसतो.

आकडा मोठा म्हणजे जोडणी लवकर, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा जाहीर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट, तर थंडरबोल्ट ३ आणि ४ यांचा ४० गिगाबिट. हे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात, आणि ग्राहक त्यांवरून लेटन्सीचा अंदाज बांधतो. वास्तविक ते एका वेळी किती माहिती जाऊ शकते हे सांगतात. ती किती लवकर पोहोचेल हे सांगत नाहीत. पंधरा डब्यांची लोकल बारा डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त माणसे नेते, पण तेवढ्यामुळे ती विरारहून चर्चगेटला लवकर पोहोचत नाही.

आपली गरज किती, याचाही हिशेब करून पाहावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या एका चॅनेलला सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट लागतात. आठ चॅनेल आत आणि आठ बाहेर धरले, तरी बेरीज १८-१९ मेगाबिटच्या आसपास राहते. यूएसबी २.० ची प्रत्यक्षात मिळणारी क्षमता जाहीर आकड्यापेक्षा बरीच कमी असते हे मान्य केले, तरी एक गायक, एक तबला आणि एक हार्मोनियम यांच्या रेकॉर्डिंगला ती भरपूर पुरून उरते. आजही बाजारातले बहुसंख्य छोटे इंटरफेस आतून यूएसबी २.० वरच चालतात, ते यामुळेच.

मग थंडरबोल्टला अर्थच नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. थंडरबोल्टच्या केबलमधून संगणकाच्या आतली पीसीआय एक्सप्रेस ही जोडणीच बाहेर आणली जाते, त्यामुळे इंटरफेस संगणकाच्या मेमरीशी अधिक थेट व्यवहार करू शकतो. यूएसबीत मात्र सर्व देवाणघेवाण संगणकातल्या यजमान कंट्रोलरच्या वेळापत्रकाने, यूएसबी २.० मध्ये १२५ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी, होते. ३२ सॅम्पलसारख्या अगदी लहान बफरवर अनेक चॅनेल एकदम चालवायचे असतील, तर हा फरक कामाला येतो. पण ज्या कंपनीने आपल्या यूएसबी ड्रायव्हरवर मेहनत घेतली आहे, तिचा इंटरफेस सामान्य ड्रायव्हरच्या थंडरबोल्ट इंटरफेसला सहज मागे टाकू शकतो. म्हणून दुकानदाराला ‘थंडरबोल्ट आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘याचा स्वतःचा ड्रायव्हर आहे का, आणि १२८ सॅम्पलवर एकूण फेरीला किती मिलिसेकंद लागतात?’ असे विचारावे. उत्तर आले नाही, तर खरेदी एक दिवस पुढे ढकलावी.

छिद्राचा आकार पाहून जोडणी ओळखणे

यूएसबी-सी हे जोडणीच्या तोंडाचे नाव आहे, आतल्या वेगाचे नव्हे. त्याच लांबट-गोल तोंडामागे यूएसबी २.० असू शकते, यूएसबी ३ असू शकते किंवा थंडरबोल्ट असू शकते. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेची २०१९ मध्ये आलेली तिसरी पिढी हे सोयीचे उदाहरण आहे: मागे यूएसबी-सी, आत यूएसबी २.०. त्यात फसवणूक काहीच नाही. त्या कामाला तेवढे पुरते. खरी अडचण उलट बाजूने येते. केवळ थंडरबोल्टवर चालणारा इंटरफेस साध्या यूएसबी-सी पोर्टला लावला, तर तोंड बरोबर बसते आणि संगणकाला काहीही दिसत नाही. पोर्टशेजारी विजेचे चिन्ह आहे का हे पाहावे, आणि त्यावरही न थांबता लॅपटॉपच्या तपशीलपत्रकात ‘थंडरबोल्ट’ हा शब्द शोधावा. विंडोज वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: काही थंडरबोल्ट इंटरफेसना फक्त मॅकसाठीच ड्रायव्हर असतो.

केबलची गोष्टही अशीच आहे. लॅमिंग्टन रोडवर यूएसबी-सी केबल शंभर रुपयांपासून मिळते. तिच्यातून फोन उत्तम चार्ज होतो, पण काही स्वस्त केबलींत माहिती नेणाऱ्या तारा नसतातच, आणि काहींत फक्त यूएसबी २.० पुरत्या असतात. पहिल्या प्रकारात इंटरफेसचा दिवा लागतो, पण संगणक त्याला ओळखत नाही, आणि माणूस दोन तास ड्रायव्हर काढून-घालून दमतो. म्हणून खोक्यात आलेली केबल जपून ठेवावी. यूएसबी २.० ला पाच मीटरपेक्षा लांब केबल वापरू नये, आणि थंडरबोल्टची साधी केबल पूर्ण वेगासाठी त्याहून कितीतरी आखूड असावी लागते.

ड्रायव्हर नावाची दुर्लक्षित गोष्ट

विंडोजवर ही चूक इतकी सर्रास दिसते की लेटन्सीची तक्रार घेऊन कुणी आला, की मी आधी हेच पाहतो. इंटरफेस लावल्यावर विंडोज त्याला ओळखते, आवाज येतो, आणि वापरणारा समजतो की काम झाले. २०१७ पासून विंडोज १० मध्ये यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या श्रेणीचा अंगभूत ड्रायव्हर आहे, त्यामुळे हा भ्रम अधिकच पक्का होतो. पण गाणे ऐकण्यासाठी पुरणारा तो मार्ग रेकॉर्डिंगच्या कामाचा नाही. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ ही पद्धत विंडोजचा नेहमीचा लांबचा रस्ता टाळून इंटरफेसशी थेट बोलते. तिच्यासाठी इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नावाने निवडावा लागतो. एएसआयओ४ऑल हे कंपनीचा ड्रायव्हरच नसेल तेव्हाचे तात्पुरते ठिगळ आहे. ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेले आवरण असते. कंपनीचा ड्रायव्हर असताना ते वापरणे म्हणजे घरात जेवण तयार असताना वडापावच्या गाडीवर रांग लावणे.

मॅकवर कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असल्याने हा त्रास कमी आहे. तिथे अडचण वेगळी येते: ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकवर काही जुन्या इंटरफेसचा ड्रायव्हर चालवण्यासाठी रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी कमी करावी लागते. जुना इंटरफेस नव्या मॅकला लावण्याआधी कंपनीने तो ड्रायव्हर अद्ययावत केला आहे का, हे पाहावे.

याच कारणासाठी वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या फायरवायर इंटरफेसच्या मोहात पडू नये. सेकंदाला ४०० मेगाबिटची ती जोडणी तिच्या काळात उत्तम होती, आणि त्या इंटरफेसचे प्रीॲम्प (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) अजूनही कानाला गोड लागतात. पण आजच्या संगणकांवर ते पोर्ट नाही, ॲडॉप्टरची साखळी जुळवावी लागते, आणि ड्रायव्हरला नवे रूप मिळणे केव्हाच थांबले आहे.

बफर कमी केला आणि तडतड सुरू झाली

बफर ६४ वर आणल्याबरोबर आवाजात तडतड येऊ लागली, तर बहुतेक जण इंटरफेस सदोष ठरवून मोकळे होतात. गठ्ठा लहान झाला की संगणकाला तो वेळेत पुरा करण्यासाठी कमी अवधी मिळतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, तर एक गठ्ठा रिकामाच जातो. विंडोजवर लॅटन्सीमॉन हे साधन दहा मिनिटे चालवले, की अडवणारा कोण ते कळते. माझ्या अनुभवात तो बहुतेकदा वायफायचा ड्रायव्हर निघाला आहे. रेकॉर्डिंगपुरते वायफाय बंद करावे, लॅपटॉप चार्जरवर आणि पूर्ण कार्यक्षमतेच्या पॉवर प्लॅनवर ठेवावा, यूएसबी पोर्ट आपोआप झोपवण्याची सोय बंद करावी, आणि इंटरफेस थेट संगणकाला लावावा. माउस, हार्ड डिस्क आणि इंटरफेस एकाच स्वस्त हबवर टाकले, तर विजेचाही प्रश्न येतो: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि त्यातूनच इंटरफेसला कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर तयार करायची असते.

सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ केल्यास त्याच आकड्याचा बफर निम्म्या वेळात भरतो हे खरे; मात्र प्रोसेसरवरचा बोजा दुप्पट होतो, आणि शेवटी बफरच दुप्पट करावा लागतो. प्लग-इनकडेही, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या इफेक्टकडेही, लक्ष द्यावे. पुढचा आवाज आधी पाहून घेणारे लिमिटर आणि लिनिअर-फेज इक्वलायझर स्वतःचा विलंब मिळवतात, आणि तो कोणत्याही पोर्टने कमी होत नाही. रेकॉर्डिंग होईपर्यंत ते बंद ठेवावेत. ब्लूटूथ हेडफोनविषयी तर लिहूही नये असे वाटते, पण ते लावून ‘लेटन्सी जात नाही’ म्हणणारे भेटतात, म्हणून सांगतो: त्यांचा विलंब सहसा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो.

किती विलंब चालतो

हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटिमीटर जातो. बैठकीत गायकापासून दीड मीटरवर बसलेल्या तबलजीला गायकाचा आवाज चार मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि समेवर येताना दोघांचे काही बिघडत नाही. त्यामुळे तबला, गिटार किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याला आठ-दहा मिलिसेकंदांपर्यंतची एकूण फेरी बहुधा चालून जाते. गायकाचे तसे नसते. स्वतःचा आवाज त्याला हाडांमधून लगेच ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला थोडा उशिरा येऊन त्यात मिसळतो. दोन-तीन मिलिसेकंदांचा फरकही काही कंपनसंख्या खाऊन टाकतो आणि आवाज पोकळ लागतो. गायक याला ‘उशीर’ म्हणत नाही. ‘आज आवाज लागत नाहीये’ म्हणतो.

याचा उपाय बहुतेक इंटरफेसवर आधीच असतो आणि पडून राहतो, तो म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनकडे वळतो, आणि मग जोडणी कोणती हा प्रश्नच उरत नाही. मात्र हे चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधले इनपुट मॉनिटरिंग (आत आलेला आवाज सॉफ्टवेअरमधून परत ऐकवणे) बंद करायला विसरू नये, अन्यथा आवाज दोनदा येतो. कोरडा आवाज ऐकून गायक अवघडत असेल, तर सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) ओला भाग, म्हणजे मूळ आवाज वगळून उरलेला घुमारा, परत पाठवावा; रिव्हर्ब दहा मिलिसेकंद उशिरा आला, तर कुणाचेच काही बिघडत नाही.

ज्यांना गाताना इफेक्टसहच आवाज हवा, त्यांच्यासाठी आतच प्रोसेसर असलेले इंटरफेस आहेत. थंडरबोल्टवर पैसे घालायचे एक खरे कारण इथे सापडते. पूर्ण वाद्यवृंदाचे अनेक चॅनेल एकदम घ्यायचे असतील, तर थंडरबोल्ट, यूएसबी ३ किंवा डेस्कटॉपमधले पीसीआय एक्सप्रेस कार्ड यांचा विचार करावा. नेटवर्क केबलवरून चालणारी दान्ते ही पद्धत खोल्यांमधली अंतरे जोडायला सोयीची आहे, पण तिचे संगणकातले आभासी साउंडकार्ड स्वतःचेच काही मिलिसेकंद वाढवते.

शेवटी, मोजल्याशिवाय काही बदलू नये. पाव इंची जॅकची एक केबल घेऊन इंटरफेसचे पहिले आउटपुट पहिल्या इनपुटला लावावे, मॉनिटरिंग पूर्ण बंद करावे, नाहीतर शिटी वाजेल. मग मेट्रोनोमचा ठोका बाहेर पाठवून नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावा. सॉफ्टवेअर ड्रायव्हरने सांगितलेला विलंब आपोआप वजा करते, म्हणून दोन्ही ठोके जवळजवळ एकावर एक दिसायला हवेत. तसे दिसले नाहीत, तर ड्रायव्हर आपला विलंब चुकीचा सांगत आहे, आणि प्रत्येक ट्रॅक तेवढाच सरकून बसत आहे. पडद्यावर मोठे करून तो फरक सॅम्पलमध्ये मोजावा आणि सेटिंगमधल्या रेकॉर्डिंग ऑफसेटच्या रकान्यात भरावा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला, की ही चाचणी पुन्हा करावी. दोन मिनिटांचे काम आहे.