आर्केड कॅबिनेटसाठी पिक्चर ट्यूब निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

भंगारवाल्याकडे २१ इंची टीव्ही दिसला की पुष्कळ जण आधी तो घरी आणतात आणि त्याला काय जोडायचं ते नंतर बघतात. क्रम उलटा हवा. कोणते खेळ खेळायचे आणि ते कशावर चालवायचे हे आधी ठरवा. ट्यूब त्यावरून ठरते.

वारंवारता न बघता जोडणं

१९८०च्या दशकातले बहुतेक आर्केड बोर्ड सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या रेषा काढतात, म्हणजेच १५ किलोहर्ट्झ. घरगुती टीव्हीही याच गतीचा असतो. संगणकाचा व्हीजीए मॉनिटर मात्र ३१ किलोहर्ट्झपासून पुढे चालतो. ३१चा सिग्नल १५च्या चेसिसला (ट्यूब चालवणाऱ्या सर्किटला) दिला तर चित्र फाटून दोन-तीन तुकडे दिसतात. जुन्या आर्केड चेसिसमध्ये तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरही उडू शकतो. असं चित्र दिसताच वीज बंद करा, कॉन्ट्रास्ट फिरवत बसू नका.

'१०० हर्ट्झ' लिहिलेला टीव्ही घेऊ नका. तो चित्र आधी डिजिटल मेमरीत घेतो आणि मग दाखवतो, त्यामुळे बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. अल्ट्रा स्लिम ट्यूबही टाळा, तिच्या कडांवरच्या सरळ रेषा सरळ करता करता जीव जातो. साधा २१ इंची संच, आणि त्याला कंपोनंट इनपुट असेल तर उत्तमच.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं कंपोझिट आउटपुट (एकाच तारेतून जाणारं चित्र) वापरणार असाल तर जुन्या फर्मवेअरच्या इमेजमध्ये एसडीटीव्ही मोड (sdtv_mode) १६ ठेवा, त्याने ६० हर्ट्झचं प्रोग्रेसिव्ह चित्र मिळतं. चित्र स्थिर पण काळंपांढरं आलं तर संच ६० हर्ट्झ घेतो, पण एनटीएससी (अमेरिकी पद्धतीचे) रंग ओळखत नाही. चित्र वरखाली पळत राहिलं तर तो ६० हर्ट्झच घेत नाही, दुसरा संच शोधा. काहीच दिसत नसेल तर आधी केबल तपासा. पायच्या ३.५ मिमी जॅकवर व्हिडिओ प्लगच्या मुळाकडच्या भागात असतो आणि ग्राउंड त्याच्या लगतच्या कडीवर. काही केबलींत हे दोन उलटे असतात, मल्टीमीटर लावला की लगेच कळतं.

मूळ आर्केड बोर्ड टीव्हीच्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) इनपुटला थेट जोडू नका. बोर्डाचे रंग ३ ते ५ व्होल्टपर्यंत जातात, टीव्हीला ७५ ओमवर ०.७ व्होल्ट पुरतात. प्रत्येक रंगाच्या तारेत सुमारे ३३० ओमचा रेझिस्टर घाला.

बंद घरातला संच चवथीला एकदम चालू करणं

गोव्यात बरेच संच याच चुकीने बिघडतात. जून ते ऑगस्ट बंद राहिलेल्या घरात धूळ ओल धरते, किनाऱ्यालगत तिच्यात मीठही असतं. अ‍ॅनोडवर, म्हणजे ट्यूबच्या काचेवरच्या रबरी टोपीखालच्या जोडावर, २० ते २५ हजार व्होल्ट असतात. टोपीखाली असा थर बसला की चर्र आवाज येतो, अंधारात निळसर ठिणगी दिसते आणि एफबीटी (हे उच्च व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) खलास होतो.

आधी संच कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, धूळ मऊ ब्रशने काढा. टोपीखाली हात घालण्यापूर्वी प्लग काढून ट्यूब डिस्चार्ज करा. चांगल्या मुठीच्या पेचकसाच्या दांड्याला तार बांधा आणि तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या ग्राउंडच्या विणलेल्या तारेला लावा, चेसिसला नको. पातं टोपीखाली सरकवा, दुसरा हात पाठीमागे ठेवा. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा करा, कारण ट्यूबमध्ये थोडा चार्ज परत साचतो. मेन कंडेन्सर वेगळा तपासा, २३० व्होल्ट मेन्सवर त्यात सव्वातीनशे व्होल्टपर्यंत असतात. हे करायची सवय नसेल तर टीव्ही मेकॅनिककडून करून घ्या. इथे हिंमत दाखवण्याची काही गरज नाही.

मग टोपी आणि काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पहिला वीजपुरवठा संचाशी सिरीजमध्ये जोडलेल्या १०० वॅटच्या तारेच्या (फिलामेंट) दिव्यातून, डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबवरचे चुंबकत्वाचे डाग घालवणाऱ्या गुंडाळीचा) कनेक्टर काढून करा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखरच राहिला तर शॉर्ट आहे.

बसवताना

ट्यूब मानेला धरून उचलू नका, मान तुटली की ट्यूब गेली. सगळा भार तिच्या चार कानांवर यायला हवा. कॅबिनेटच्या बाजू १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायच्या घ्या, साधं प्लाय पावसाळ्यात फुगतं आणि वाळवी लागते. मानेमागे किमान ५ सेमी मोकळी जागा आणि वर १२० मिमी पंखा ठेवा. स्पीकर शील्डेड घ्या. साध्या स्पीकरचं चुंबक ट्यूबजवळ आलं की कोपरा हिरवा किंवा जांभळा होतो.

लक्षण बघून

पडद्याच्या मधोमध एकच आडवी रेघ: व्हर्टिकल आयसी, किंवा योकच्या (मानेवरच्या गुंडाळीच्या) जोडाचं कोरडं सोल्डर. लगेच बंद करा, फॉस्फर जळतो. पडदा उजळ आणि तिरप्या परतीच्या रेषा: एफबीटीवरचा स्क्रीन पॉट जास्त आहे, तो कमी करा. तरी गेल्या नाहीत तर रंगांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पुरवठा तपासा. उजळ दृश्यात चित्र फुगत असेल तर पुरवठ्याचे कंडेन्सर थकलेत. उभ्या खेळासाठी ट्यूब फिरवल्यावर रंगांचे डाग येणारच, पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा तिच्यासाठी बदलते. डिगॉस करा, पुन्हा करायचं असेल तर आधी अर्धा तास थांबा. कॉइलच्या वाटेतला थर्मिस्टर (तापला की प्रवाह अडवणारा भाग) थंड झाल्याशिवाय कॉइलमध्ये पुरेसा प्रवाह जात नाही.