बर्न-जोन्सच्या चित्रावरून काचचित्राचे आरेखन कसे करावे

एडवर्ड बर्न-जोन्स (१८३३–१८९८) या इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या चित्रकाराने ग्रीक पुराणकथाही रंगवल्या आणि चर्चच्या खिडक्यांतील काचचित्रांसाठी, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेल्या चित्रांसाठी, आरेखनेही केली. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात त्याच्या पिग्मॅलियन मालिकेतील (१८७५–७८) दुसऱ्या चित्रापासून करावी. त्यात पिग्मॅलियन हा ग्रीक कथेतला, आपल्याच मूर्तीच्या प्रेमात पडलेला शिल्पकार त्या मूर्तीसमोर थबकला आहे. त्याच्या थांबलेल्या हाताकडे आधी पाहा, कारण सारी कथा तिथेच आहे.

मग स्टेशनरीच्या दुकानातून ट्रेसिंग पेपर आणून फक्त बाह्यरेषा उतरवा आणि त्यावर जाड काळ्या पेनाने काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांच्या रेषा आखा. येथे घाई अजिबात करू नये. शिशाची रेषा चेहऱ्यावरून कधीही जाऊ देऊ नका. ती वस्त्राच्या चुणीतून, केसांच्या कडेने किंवा बाहीच्या टोकाशी लपवावी, म्हणजे पट्टी हीच चित्राची रेषा होते. आतल्या बाजूला फार अरुंद खाच असलेला तुकडा कापताना काच तडकते, म्हणून तेथे आणखी एक रेषा घालावी. नाक-डोळे मात्र काचेवर गडद रंगाने काढून भट्टीत भाजतात.

बेळगावच्या कॅम्पातल्या (छावणी भागातल्या) एखाद्या जुन्या चर्चमध्ये रंगीत खिडकी असल्यास परवानगी घेऊन ती सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा पाहावी. रंग शेवटी ठरवा. बर्न-जोन्सच्या अनेक खिडक्यांचे रंग त्याचा मित्र विल्यम मॉरिस निवडत असे.