लोणारचे वय आणि संकेतस्थळांचे एकमत

शाळेच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवर माहिती शोधताना शोधशब्दांना अवतरणचिन्हे लावणे, नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह टाकणे, कालावधी ठरवून शोधणे या गोष्टी आठवी-नववीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना आता ठाऊक असतात. त्यामुळे त्यांवर मी थांबत नाही. ज्या सापळ्यातून बाहेर पडायला मला सर्वांत जास्त झगडावे लागले तो वेगळाच आहे. तो म्हणजे अनेक ठिकाणी एकच आकडा दिसला की तो पक्का मानणे.

लोणार सरोवराचेच घ्या. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर बेसाल्ट खडकात अवकाशातून आलेल्या वस्तूच्या आघाताने झाले, हे शास्त्रज्ञांना मान्य आहे. वय शोधू लागल्यावर मात्र पुष्कळ पानांवर ‘सुमारे ५२ हजार वर्षे’ असे आढळते आणि पाच-सहा पाने पाहून झाली की विद्यार्थी निर्धास्तपणे तो आकडा वहीत उतरवतो. अशा वेळी एखाद्या पानावरचे जरा लांब, वेगळ्या धाटणीचे वाक्य उचलून अवतरणचिन्हांत शोधावे. तेच वाक्य शुद्धलेखनाच्या चुकीसकट इतरत्र सापडले, तर त्या पाच साक्षी नव्हेत, एकाच साक्षीच्या पाच नकला आहेत. दहा पाने मोजण्यापेक्षा एका पानाचा उगम शोधावा.

विकिपीडियाचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. तिथला मजकूर उतरवू नये हे खरेच, पण तळटीपांतून मूळ शोधनिबंधापर्यंत जाण्याची इतकी सोपी वाट क्वचितच मिळते. त्या वाटेने गेल्यावर कळते की ५२ हजार वर्षे (६ हजार कमी-अधिक) हे वय थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून काढलेले आहे. तर आघातात वितळलेल्या खडकाचे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून काढलेले आणि २०११ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे (४७ हजार कमी-अधिक) आहे. फरक दहापटीहून अधिक! निबंधाच्या इंग्रजीला घाबरू नये. सुरुवातीचा सारांश दोन-तीनदा वाचला की शाळेपुरते भागते. बाकीचे कळले नाही तरी बिघडत नाही. मलाही कळत नसे.

बातम्यांच्या बाबतीत तारीख पाहिल्याशिवाय एक ओळही घेऊ नये. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाच्या बातम्यांत बरेचसे अंदाज होते. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष त्यानंतर आला. पहिल्याच बातमीवर थांबणाऱ्याच्या प्रकल्पात अंदाजच निष्कर्ष म्हणून छापला जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला शोधशब्द सुचवायला जरूर सांगावे, मात्र त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याखेरीज लिहू नये, कारण अस्तित्वातच नसलेले निबंधही ते खात्रीने सांगते. मागच्या वर्षीची तयार फाइल देणाऱ्या ताई-दादांपेक्षा ‘हे कुठे वाचलेस?’ एवढेच विचारणारे ग्रंथपाल कितीतरी बरे, हे माझे ठाम मत आहे.

शेवटी प्रकल्पात कोणता आकडा लिहायचा, ही धास्ती मात्र बाळगू नका. दोन्ही लिहावेत, प्रत्येकापुढे पद्धत आणि वर्ष नोंदवावे आणि अलीकडच्या संशोधनातील आकड्याकडे आपला कल का आहे ते एका वाक्यात सांगावे.