पिशव्या घेतल्या का?

दोन-तीन वर्षांच्या पोरांसाठी बागेत खजिना शोधायचा खेळ ठेवणार असाल, तर आधी पिशव्या काढून दाराशी ठेवा. मुलं जितकी, तितक्या. ठेवल्यात? मग पुढे वाचा.

गेल्या थंडीत मी सोसायटीच्या बागेत सात पिल्लं गोळा केली. रंगीत चेंडू, चटई, खाऊ, सगळं नेलं आणि पिशवी एकही नाही. या वयात पोराला हात दोनच. एकात लाल चेंडू, दुसऱ्यात पिवळा, की खेळ संपला. तिसरा समोर दिसतोय, हातातला सोडवत नाही, म्हणून माझ्या भाच्याने उभ्या उभ्या भोकाड पसरलं. शेजारच्या छोटीने अक्कल चालवून तिसरा दातांत धरला. शेवटी एकीच्या ओढणीची झोळी केली, सगळ्यांत मिळून एक. त्यावरून जे रामायण झालं ते सांगत बसत नाही. तर पिशवी, आणि ज्याची त्याला. कापडी, आखूड बंदांची, मनगटात अडकेल अशी. चिवड्याच्या दुकानातून आलेली असेल तर तीही चालेल. गळ्यात अडकवू नका, बंद कुठे गुंतला तर फास बसेल. प्लास्टिकची तर नकोच, ती डोक्यात घालतात. भातुकलीतली बादली सगळ्यात झकास. त्यावर नावं लिहू नका, वाचतंय कोण? एकीला लाल चिंधी बांधा, एकीला निळी.

जागा कुंपणाची हवी, पाण्यापासून लांब. आमच्या नाशिकच्या सोमेश्वरला गोदावरी शेजारूनच वाहते. सात पोरं सोडून डोळा कुणाकुणावर ठेवणार? पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान छान आहे, पण मोठी माणसं भरपूर असतील तरच. आपली सोसायटीची बाग बरी. आदल्या दिवशी तिथे एक चक्कर मारा. काचा, कुत्र्याची घाण दिसेलच. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, ते असेल तर कोपरा बदला. आणि कण्हेर बघा. बागेत, दुभाजकात, जिथे तिथे लावलेली असते आणि पानाफुलांसकट सगळी विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण लहानपणी खेळलो हे खरं, पण त्याही विषारीच. गुंजा दिसतात अगदी खजिन्यासारख्या. त्यांना हातही लावू देऊ नका.

लपवायचं ते मोठ्या माणसाच्या मुठीएवढं असावं. टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, म्हणजे साधारण 4 सेंमीपेक्षा बारीक, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. गोट्या, मणी, चिंचोके बाद. हात भरले की तोंड वापरतात हे मी बघितलंय, म्हणून पुन्हा सांगते, पिशवी! नाशिककर असल्यामुळे खाऊत द्राक्षं येणारच; अख्खी देऊ नका, उभी चिरून चार फोडी करा.

लपवायचं म्हणजे खरं तर लपवायचंच नाही. अर्धं बाहेर दिसलं पाहिजे. गुडघ्यांवर बसून बघा, तिथून दिसत नसेल तर पोरांना जन्मात सापडणार नाही. चिठ्ठ्या, कोडी वगैरे मोठ्यांची हौस आहे. ‘लाल शोधा’ एवढंच सांगा. किंवा सुकलेलं मोठं पान, खडबडीत काटकी असं काहीतरी आणायला लावा, लपवायचाही ताप नाही. माणशी चार वस्तू, सगळ्यांना सारख्या. किती ठेवल्या ते मोजा, कुठे ठेवल्या त्याचे फोटो काढून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी गवत दवाने ओलं असतं, नऊनंतर जा. उन्हाळ्यात संध्याकाळी. झोपेची वेळ टाळा. खेळ पंधरा मिनिटं, फार तर वीस.

बाकी नेहमीचंच. पाणी, टोप्या, ओला रुमाल, जादा चड्ड्या. निघताना चेंडू मोजा, पोरंही मोजा.

यंदाचा खेळ रविवारी आहे. सात पिशव्या आत्ताच स्कूटरच्या हुकाला अडकवून आले. आठवी जास्तीची, कुणीतरी धाकटं भावंड घेऊन येतंच.