नेचा आणि मांटा पाकट : दूरच्या दोन जीवांची तुलना कशी करावी

उष्णकटिबंधातील नेचा आणि संकटग्रस्त पाकट (चपट्या शरीराचा मासा) यांची तुलना करताना प्रथम दोन नेमक्या जाती निवडाव्यात, कारण नेच्यांच्या दहा हजारांवर आणि पाकटांच्या सहाशेवर जाती असल्याने नुसत्या ‘नेचा’ किंवा ‘पाकट’ या शब्दांवरून ठामपणे फारसे काही सांगता येत नाही. येथे उदाहरणादाखल झाडांच्या फांद्यांवर वाढणारा बर्ड्स नेस्ट फर्न (अ‍ॅस्प्लेनियम नायडस) आणि खुल्या समुद्रातील महाकाय मांटा (मोब्युला बायरोस्ट्रिस) घेतले आहेत.

नेच्याचे रुंद पान आणि मांटाचे सात मीटरपर्यंत पसरणारे पर दिसायला सारखे वाटले, तरी त्या साम्यापासून सुरुवात करू नये; पान प्रकाश टिपते, तर पर पोहण्यासाठी असतात. त्याऐवजी दोघांना एकच प्रश्न विचारावा : पोषण कसे मिळते? नेच्याच्या पानांचा घरट्यासारखा घेर वरून पडणारा पालापाचोळा धरून ठेवतो आणि तो कुजून नेच्याला पोषण मिळते, तर मांटा तोंड उघडे ठेवून पोहतो आणि कल्ल्यांतून पाणी गाळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातो.

सर्वाधिक वेळ प्रजननाला द्यावा, कारण माझ्या मते या तुलनेचा गाभा तेथेच आहे. नेचा असंख्य बीजाणू, म्हणजे धुळीसारखे सूक्ष्म प्रजनन-कण, वाऱ्यावर सोडतो. त्यांतून आधी इवलेसे, बहुधा हृदयाकृती रोप उगवते आणि त्यावरील पुंपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत पोहोचते. मांटाची मादी मात्र सुमारे वर्षभराच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढच्या पिल्लापूर्वी अनेकदा काही वर्षे जातात. म्हणूनच वाळवलेल्या कल्ल्यांच्या व्यापारासाठी होणारी शिकार आणि इतर माशांच्या जाळ्यांत सापडून होणारे मृत्यू यांची हानी भरून निघत नाही. २०२० मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने महाकाय मांटा या जातीची नोंद ‘संकटग्रस्त’ वर्गात केली. बीजाणू पुष्कळ म्हणजे नेचा सुरक्षित, असे मात्र लिहू नये, कारण आधाराचे झाड तोडले गेले की तोही त्याच्यासोबत कोसळतो.

निरीक्षण करताना दोघांची खालची बाजू आवर्जून पाहावी. नेच्याच्या पानामागे शिरांना समांतर असलेल्या बीजाणुधानींच्या (बीजाणू तयार करणाऱ्या पिशव्यांच्या) तपकिरी रेषांवरून त्याची ओळख पटवायला मदत होते, तर मांटाच्या पोटावरील ठिपक्यांवरून तो नेमका कोणता मांटा आहे हे ओळखता येते. त्यामुळे पहिली नोंद जातीच्या आणि दुसरी एकेका प्राण्याच्या रकान्यात लिहावी.