शुगरची गोळी एक, आत औषधं दोन-तीन: या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर रोज ऐकू येतं, ‘ती शुगरची गोळी द्या हो, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने गुलाबी.’ असल्या दुरंगी गोळ्या ढीगभर कंपन्या काढतात. एकच गोळी गिळायची, म्हणून औषधही एकच असं लोक धरून चालतात. आत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड असतं, कधी सोबतीला व्होग्लिबोज किंवा पायोग्लिटाझोन. सिटाग्लिप्टिन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जोड्याही आता सर्रास लिहून दिल्या जातात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. गोंधळ होतो तो यामुळेच.

एकच औषध दोनदा

गावच्या डॉक्टरांची जुनी गोळी चालू असते. मुलाकडे पुण्याला आल्यावर तिथले डॉक्टर नवी लिहून देतात आणि आजोबा इमानदारीत दोन्ही घेतात. नावं निराळी, पण दोन्हींत ग्लिमेपिराइड. सिटाग्लिप्टिनचं पेटंट 2022 मध्ये संपलं, तेव्हापासून त्याचेही इतके ब्रँड आलेत की नावावरून काही बोध होत नाही. त्यामुळे स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. चष्मा लागला तर लागू दे. नवीन डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या.

आणखी एक. चारच गोळ्या मागितल्या की आम्ही मेडिकलवाले स्ट्रिप कापून देतो, आणि नाव किंवा एक्स्पायरी कात्रीपलीकडे आमच्याकडेच राहते. अख्ख्या स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

‘एम 1 नाही? मग एम 2 अर्धी करतो’

गोळीच्या नावातला हा आकडा बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो, म्हणून हा हिशेब बरोबर वाटतो. पण दोन्हींत मेटफॉर्मिन साधारण 500 मिलिग्रॅमच असतं, म्हणजे अर्ध्या गोळीत ते निम्म्यावर येतं. शिवाय नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल, तर औषध तासन्‌तास हळूहळू सुटावं अशी गोळीची बांधणी असते. ती कुटून किंवा चावून खाल्ली की ही बांधणीच मोडते. अशा मेटफॉर्मिनच्या गोळीचं रिकामं कवच कधीकधी शौचात दिसतं, तेव्हा घाबरू नका. औषध अंगी लागलेलं असतं.

उपवास आणि लॅबची रांग

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की आज आषाढी आहे, याची त्याला फिकीर नसते. गोळी घेतली आणि जेवण लांबलं की शुगर उतरते. म्हणून उपवासाच्या दिवशी गोळी आपल्या मनाने टाळायची, तर साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा शुगर चढवायला पुरेसे आहेत. चतुर्थी-एकादशी काही अचानक येत नाही. त्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून डोस ठरवून घ्या.

उपाशीपोटी रक्त द्यायला जातानाही ही गोळी घेऊन निघू नका. मात्र जेवणानंतरच्या तपासणीसाठी रोजची गोळी रोजच्यासारखीच घ्यायची. ती चुकवली तर उपचार लागू पडतोय की नाही, हे रिपोर्टवरून कळणारच नाही.

एखादा डोस राहून गेला, तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

साखर चारली, तरी शुगर वर येईना

दरदरून घाम, थरथर, उगाच चिडचिड. मशीनवर आकडा 70 च्या खाली. घरचे पेढा, गूळ, साखर, हाताला येईल ते देतात. एरवी साखर चालते. पण गोळीत व्होग्लिबोज असेल, तर ते आतड्यात साखरेचं विघटनच अडवून धरतं आणि नेमक्या गरजेच्या क्षणी उशीर होतो. ग्लुकोज पावडरचं विघटन व्हावंच लागत नाही, ती थेट रक्तात जाते. साधारण तीन चहाचे चमचे पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुगर अजून कमी असेल तर परत तेवढीच पावडर, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला घाला. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे वयस्कर किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल.

मेटफॉर्मिन जुनं झालं की

वर्षानुवर्षं घेतल्यावर व्हिटॅमिन बी 12 कमी पडू शकतं. पायांना मुंग्या येतात आणि ‘शुगरमुळेच असेल’ म्हणून कोणी तपासत नाही. किडनीची तपासणीही चुकवू नका. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, 30 च्या खाली गेला, तर मेटफॉर्मिन बंद करावं लागतं, अगदी जोडगोळीत दडलेलंसुद्धा.

लघवीत साखर चार प्लस!

नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेलं औषध साखर लघवीवाटेच बाहेर टाकतं. मग लघवीच्या रिपोर्टमध्ये ती दिसणारच. या औषधावर पाणी भरपूर प्या आणि लघवीची जागा स्वच्छ व कोरडी ठेवा. खाज सुटली तर लाजून गप्प बसू नका, ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं. उलट्या-जुलाब चालू असताना हे औषध थांबवायचं का, ते फोन करून विचारा. या औषधावर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलटी, पोटदुखी, धाप लागणं असं काही झालं, तर मशीनवरचा 180 चा आकडा पाहून निश्चिंत राहू नका. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी डापाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस बंद ठेवतात, म्हणून सर्जनला ‘शुगरची गोळी चालू आहे’ एवढंच सांगून भागत नाही. स्ट्रिप दाखवा.